राहायचं कुठे?



या अंकासाठी मी पाण्याच्या प्रश्नावर लिहायला घेतलं होतं. दोन पानं झालीही होती. पण पावसाळ्यात, प्रवेशफेऱ्यांच्या गडबडीत, एका सकाळी साडेसहाला दारावरची बेल वाजली. मराठवाड्यातल्या आपल्या एका गटाची जुनी कार्यकर्ती रात्रभराचा एसटीचा प्रवास करून आली होती. बरोबर तिची मुलगी आणि एका पिशवीत भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. मुलीला पुण्यात अभियांत्रिकीला नंबर लागला होता. त्यांच्या घराण्यातली दहावीपुढे शिकलेली ही पहिलीच मुलगी. महाविद्यालयाच्या वसतिगृहात मात्र पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी जागा थोड्या, आणि हिचं नाव प्रतीक्षायादीत बरंच खाली.

आई चहाचा कप हातात धरून म्हणाली, "ताई, फी सरकारनं माफ केली, पण पोरगी झोपायची कुठं?"

पाण्याची दोन पानं बाजूला ठेवली. पुढचे तीन दिवस आम्ही तिघी पुण्यात वसतिगृहं बघत फिरलो.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आपल्या राज्यात आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं माफ होतं. निर्णय चांगलाच आहे, त्याबद्दल कुरकुर नाही. पण फी माफ झाल्यानं मुलगी वर्गापर्यंत पोचते, शहरात तिला रात्री पाठ टेकायला जागा मिळत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी योजना आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, आणि अलीकडे इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. पण ती खात्यात जमा होणार अर्ज-छाननीनंतर, आणि खोलीचं डिपॉझिट द्यायचं आज. मधले महिने कोणी काढायचे? या आईनं बचतगटातून कर्ज काढलं होतं. ते पैसे रुमालात बांधून तिच्या कमरेला होते.

आणि घरून निघताना वडिलांनी एकच अट घातली होती. होस्टेल चांगलं मिळालं तर मुलगी पुण्यात राहील. नाही तर तालुक्याच्या गावी बी.ए., आणि दिवाळीनंतर स्थळं बघायला सुरुवात. तेव्हा आम्ही खोली शोधत होतो म्हणजे काय शोधत होतो, ते तुमच्या लक्षात येईल.

पहिलं वसतिगृह पेठेतलं, एका जुन्या संस्थेचं. अंगणात तुळस, पायऱ्या धुतलेल्या, जेवणाची खोली स्वच्छ. पैसेही परवडण्याजोगे. आईचा चेहरा उजळला. तिनं आधी कंपाउंडची भिंत पाहिली, मग फाटक, मग फाटकाचं कुलूप. रेक्टरबाईंनी आमच्या हातात नियमांचा छापील कागद दिला. एकूण एकतीस नियम. संध्याकाळी साडेसातला फाटक बंद. साडेआठला हजेरी. रात्री दहाला मोबाईल कार्यालयात जमा. रविवारी बाहेर जायचं तर पालकांचं पत्र. स्थानिक पालक म्हणून 'विवाहित गृहस्था'चं नाव आणि सही. मी म्हटलं, मी सही करते. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या मिस्टरांची लागेल." मिस्टर नाहीत म्हटल्यावर जरा घोटाळा झाला.

मी विचारलं, हिचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटणार, तिथून बसनं यायला तास-सव्वा तास. ग्रंथालयात बसायचं कधी? मुलगे तर रात्री उशिरापर्यंत तिथे बसतात. रेक्टरबाई म्हणाल्या, "आम्ही मुलींना पोटच्या पोरीसारखं सांभाळतो." उत्तर प्रश्नाचं नव्हतं, पण त्या खोटं बोलत नव्हत्या.

इथे जरा थांबते, कारण रेक्टर म्हटली की आपल्या लिखाणात ती खाष्ट बाईच असते. या बाई पन्नाशीच्या, एकट्या, तळमजल्यावर एका खोलीत राहतात. चोवीस तास कामावर. पगार विचारला तर हसल्या. विश्वस्त मंडळात सगळे पुरुष. काही वेडंवाकडं झालं तर बाईंची नोकरी जाणार आणि त्याबरोबर घरही. साडेसातचं फाटक ही त्यांच्यासाठी नोकरी टिकवण्याची सोय आहे. नियम कोणी केले, असं विचारल्यावर म्हणाल्या, "मी आले तेव्हापासून हाच कागद आहे." त्या कागदानं मुलींना बांधलंय तसंच त्यांनाही. गेल्या अनेक वर्षांत त्या रात्री नाटकाला गेलेल्या नाहीत.

आम्ही बोलत होतो तेव्हा मुलगी तिथे नव्हती. ती मागच्या नळावर कपडे धुणाऱ्या मुलींशी गप्पा मारत होती. बाहेर पडल्यावर तिनं काय विचारलं ते सांगितलं. गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं. रात्री संडासाकडे दिवा असतो का. पाळीत पोट दुखत असेल तर ताट खोलीत आणू देतात का. आणि उशीर झाला तर आत घेतात, की बाहेर उभं करतात?

या शेवटच्या प्रश्नाला मुलींनी उत्तर दिलं होतं. मागच्या वर्षी दोघी पावसात अडकून साडेआठला आल्या. घरी फोन होऊन पालकांचा होकार येईपर्यंत फाटकाबाहेर पाऊण तास उभ्या होत्या. म्हणजे ज्या रस्त्याची भीती घालून फाटक लावलं, त्याच रस्त्यावर त्यांना शिक्षा म्हणून उभं केलं. मी इतकी वर्षं या विषयावर बोलते आहे, एकतीस नियम चष्मा लावून वाचले, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

दुसरी जागा महाविद्यालयाजवळची, खासगी. कॉट बेसिस. दहा बाय बाराच्या खोलीत चार कॉट, महिना नऊ हजार, जेवण धरून. फाटकाची वेळ अशी नाही. फक्त अंगठा लावायचा, की घरी बापाच्या मोबाईलवर मेसेज. जिन्यात आणि व्हरांड्यात कॅमेरे. ते चित्र कोण बघतं विचारलं तर मालक म्हणाले, "मीच बघतो, घरबसल्या." अभिमानानं म्हणाले. रात्री बाईमाणूस कोण असतं? कोणी नाही. वॉचमन आहे, त्याचा भाचा आहे. खोल्यांच्या दुसऱ्या किल्ल्या कोणाकडे? "ऑफिसात खिळ्याला." पावती मिळेल का? त्याला उत्तर मिळालं नाही. नोंदणी, तपासणी असं काही? "आम्हाला कोण विचारायला येतंय!"

तिसरी जागा वसतिगृह नव्हतंच. पाच मुलींनी मिळून घेतलेला फ्लॅट, एक जागा रिकामी. मुली छान होत्या, स्वतः स्वयंपाक करायच्या, भिंतीवर पाळीपाळीनं झाडण्याचं वेळापत्रक. मला तिथेच ठेवावंसं वाटलं. पण घरमालकीणबाईंनी आधी आडनाव विचारलं. आडनावावरून उलगडा होईना तेव्हा, "म्हणजे तुम्ही कोण?" मग, "घरात काही बनवत नाही ना? अंडंसुद्धा नको." आई गप्प. मुलगी म्हणाली, "आम्ही सगळं खातो." खोली 'आधीच कोणीतरी सांगून ठेवलेली' निघाली. खाली आल्यावर मुलीनं सांगितलं, तिच्याच वर्गातली एक मुसलमान मैत्रीण हिच्याहून जास्त गुण मिळवून आठवडाभर अशीच फिरते आहे आणि तिला तर दारातूनच परत पाठवतात.

मुलींच्या राहण्याचा प्रश्न म्हटलं की आपण लगेच वेळेच्या बंधनांवर येतो. पण त्याआधीच, दारात, जात विचारली जाते. आणि आत गेल्यावरही ती संपत नाही. खोलीतली जोडीदारीण कोण, जेवणाच्या टेबलावर कोण कुठे बसतं, यातून ती रोज येते. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या तरुण डॉक्टरनं जीव दिला, तेव्हा वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचे आरोप झाले, खटला उभा राहिला. त्या आरोपांत एका खोलीत राहण्याच्या काळातल्या वागणुकीचाही उल्लेख होता. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत भोजनालयात शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबलं ठेवण्यावरून वाद झाला आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांना दंड झाला. तेव्हा मुलीला 'कुठे ठेवायचं' यात 'कोणाबरोबर आणि कोणत्या मानानं' हेही आलंच.

आता फाटकाकडे येते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळ प्रतिबंधाचे विनियम २०१५ चे आहेत, मे २०१६ मध्ये ते राजपत्रात आले. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर आयोगानं नेमलेल्या गटाच्या 'सक्षम' अहवालातून ते पुढे आले. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की, सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांना मुलग्यांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. 'परिसर' या शब्दात वसतिगृहही धरलं आहे. किती महाविद्यालयांच्या भिंतीवर तुम्ही हे वाचलंत? अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं तरी?

मुलींनी हे प्रश्न केव्हाच रस्त्यावर आणले आहेत. २०१५ मध्ये दिल्लीत 'पिंजरा तोड' सुरू झालं. सप्टेंबर २०१७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संध्याकाळी एका मुलीची छेड काढली गेली, तिला धीर द्यायचा सोडून ती त्या वेळी बाहेर का होती हेच विचारलं गेलं, आणि मुली सिंहद्वारापाशी जाऊन बसल्या. त्यांच्यावर लाठ्या चालल्या. २०१९ मध्ये केरळात संध्याकाळी ६ ते रात्री १० मोबाईल जमा करायला नकार दिला म्हणून एका विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढलं. ती उच्च न्यायालयात गेली आणि जिंकली. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. तिथेच वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींनी साडेनऊच्या बंधनाला आव्हान दिलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सरकारला मुलग्या-मुलींना एकच नियम लावणारा आदेश काढावा लागला.

पण एक मेख आहे. आयोगाचे विनियम शिक्षणसंस्थांना लागू. पेठेतला ट्रस्ट आणि कॉट बेसिसवाला मालक त्यात येत नाहीत, आणि जागा कमी म्हणून बहुतेक मुली जातात त्यांच्याकडेच. तामिळनाडूत २०१४ पासून महिला आणि मुलांच्या वसतिगृहांच्या नोंदणीचा वेगळा कायदा आहे. आपण तसं काही मागायचं की नाही, यावर आपल्यात नीट चर्चा झालेली नाही. तोवर एक वाट लक्षात ठेवा. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा तिथे नोकरी करणाऱ्या बाईपुरताच नाही. खासगी वसतिगृह हे वॉचमनचं, स्वयंपाक्याचं कामाचं ठिकाण आहे. तिथे राहणाऱ्या मुलीला त्यांच्याकडून किंवा मालकाकडून त्रास झाला आणि नोकरांची संख्या दहापेक्षा कमी असली, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असली, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. आपल्या जिल्ह्यात ती समिती कुठे बसते, एवढं तरी प्रत्येक गटानं माहीत करून घ्यायला हवं.

आणि फाटकाच्या आतलं काय? जून २०२३ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हजवळच्या सरकारी वसतिगृहात विदर्भातून शिकायला आलेल्या एका मुलीवर तिच्याच खोलीत बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. संशयित तिथलाच, वर्षानुवर्षं काम करणारा माणूस. त्याचा मृतदेह त्याच दिवशी रेल्वे रुळांवर सापडला. त्या इमारतीला फाटक होतं, पहारा होता. पण ज्याच्यापासून जपायचं तो माणूस आतलाच, सगळ्यांच्या ओळखीचा होता. तेव्हा मुलगी किती वाजता आत आली हे लिहिण्यापेक्षा दुसऱ्या किल्ल्या कोणाकडे आहेत, कामाच्या माणसांची पडताळणी कोणी केली, रिकाम्या मजल्यावर एकटी मुलगी का राहते, आणि तिनं काही सांगितलं तर ते कोण ऐकून घेतं, हे एका वहीत लिहायला हवं होतं.

हे सगळं मी त्या रात्री आईला सांगत होते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुमचं खरं आहे. पण माझ्या गावात पोरीचं काही कमीजास्त झालं, तर हिच्यामागच्या दहा पोरी घरी बसतील. मला साडेसातचं फाटक लागतं ते हिच्या बापाला दाखवायला."

आमच्या बैठकीतही हा विषय निघाला तेव्हा अशीच फूट पडली. तरुण मैत्रिणी म्हणाल्या, कुलूप ते कुलूप, त्यात चांगलं-वाईट काय. साठीतल्या एकजणी शांतपणे म्हणाल्या, "त्या कुलपामुळे मला शिकायला मिळालं. फाटक नसतं तर आमच्या दादांनी पाठवलंच नसतं." दोन्ही खरं आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि तो १९०० मध्ये हिंगण्याला गेला, तेव्हा राहण्याची सोय हाच शिक्षणाचा पाया होता. घरानं टाकलेल्या बाईला आधी छप्पर, मग पाटी. साताऱ्याला कर्मवीरांच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचं सोनं मोडलं. ही घरं मुळात कोंडण्यासाठी उभी राहिली नव्हती. पुढे कधीतरी छप्पर मागे पडलं आणि फाटक मोठं झालं.

आणि माझं स्वतःचंही सांगून टाकते, नाही तर हे लिहिणं खोटं होईल. वीसेक वर्षांपूर्वी माझी मुलगी शिकायला बाहेरगावी निघाली तेव्हा मीही चार वसतिगृहं पाहिली होती. त्या वर्षी मी गावोगाव शिबिरांत बाईच्या संचारस्वातंत्र्यावर बोलत होते. आणि मुलीसाठी निवडलं ते सगळ्यात कडक, सातला बंद होणारं. तिला विचारलंही नाही. ती अजून आठवण काढते, हसत हसत. मला हसू येत नाही.

म्हणून या वेळी निर्णय मुलीवर सोडला. आईला ते आधी पटलं नाही. मुलीनं एका वहीच्या पानावर तिन्ही जागांच्या रेघा ओढल्या. बसचं भाडं, दुधाचे पैसे, झेरॉक्स, सगळं मांडलं. मग म्हणाली, "मावशी, मी पेठेतच राहते. पण अर्ज देऊन." अर्ज तिनं स्वतः लिहिला, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. प्रॅक्टिकलच्या आणि ग्रंथालयाच्या दिवशी महाविद्यालयाच्या पत्रावर नऊपर्यंत परवानगी मिळावी, आणि कोणत्याही कारणानं उशीर झाला तरी आधी आत घेऊन मग विचारणा व्हावी, एवढ्या दोनच मागण्या. नळावरच्या मुलींना दाखवला तेव्हा आणखी अकराजणींनी खाली सह्या केल्या. मोबाईलचा मुद्दा दोघींनी घालायला सांगितला. पण बाकीच्या म्हणाल्या, एकदम सगळं नको.

रेक्टरबाईंनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाल्या, "मंडळापुढे ठेवते. पण माझं नाव पुढे करू नका." स्थानिक पालकाच्या रकान्यात शेवटी माझीच सही चालली. 'विवाहित गृहस्थ' हे शब्द त्यांनी स्वतःच्या पेनानं खोडले.

आपल्या सगळ्या गटांना एक विनंती. तुमच्या गावातल्या, तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहांच्या नियमांचा कागद मिळवा आणि आमच्याकडे पाठवा. सरकारी, संस्थेचं, खासगी, कोणतंही. त्याच संस्थेचं मुलग्यांचं वसतिगृह असेल तर त्याचाही कागद जोडा. तिथे राहणाऱ्या मुलींशी नळावर, मेसमध्ये बोला आणि उशीर झाला तर काय होतं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मुलींची नावं नकोत. रेक्टरबाईंशीही बोला, त्यांचा पगार आणि सुट्टी विचारा. पुढच्या अंकात हे सगळं एकत्र छापायचा विचार आहे.

मुलगी राहायला आली त्या दिवशी खिडकीजवळची कॉट आधीच गेली होती, तिला दाराजवळची मिळाली. आईनं पत्र्याची पेटी कॉटखाली सरकवली, कुलूप लावलं आणि किल्ली मुलीच्या हातात दिली. हे लिहीपर्यंत मंडळाची बैठक झालेली नाही.